गाळलेल्या एकसष्ट नोंदी

माझ्याकडे संख्याशास्त्राची पदवी आहे आणि नोकरी नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही, असं मी आईला समजावते. आई म्हणते, "तुझ्यासारखा एक नमुना मला पुरे आहे."

त्यामुळे मार्चमध्ये मावशीआजीचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी. छत्तीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोकांचे ट्रंककॉल जोडायचे आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून तसं सांगायचं, हे तिचं काम. निवृत्त होऊन सव्वीस वर्षं झाली, पण समोर बसलेल्या माणसालाही ती अजून तीनच मिनिटं देते.

"शास्त्रज्ञ आहेत का घरी?"

"बोलतेय, मावशीआजी."

"दवाखान्याला सव्वाशे वर्षं झाली म्हणून पुस्तक काढतायत. आमच्या आजोबांवर एक पान आहे त्यात."

"अरे वा, छानच की."

"डोंबल छान. पान त्यांचं आणि मजकूर लोकांचा. साथीत पळून गेले म्हणून छापणार. पुस्तक काढणाऱ्या गुरुजींना म्हटलं, माझी नात शोधून काढेल खरं काय ते. तुला एवढं शिकवलंय ते काय पंखा बघत पडायला?"

मी खरोखरच पंखा बघत पडले होते. मी उठून बसले.

"पण मला इतिहासातलं काही..."

"तीन मिनिटं झाली," असं म्हणून तिने फोन ठेवला.

हे आजोबा म्हणजे माझे खापरपणजोबा. गोऱ्या साहेबाच्या राज्यात, एका आडगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांच्याबद्दल घरात माहिती अशी: एक फोटो, ज्यात ते हलल्यामुळे चेहरा पुसट आलाय, आणि एक कलंक. तापाची मोठी साथ आली तेव्हा त्यांनी बायकोमुलांना माहेरी धाडलं आणि मग स्वतःही अकरा दिवस बेपत्ता झाले. जिल्ह्याचा गोरा सर्जन तपासणीला आला, त्याने शेरा मारला: "डॉक्टर जागेवर नाही. कुठे आहे ते कंपाउंडरला सांगता येत नाही. नोंदवही कंपाउंडरच्या हातची." डॉक्टरांनी त्याला कधी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली, काही वर्षांनी ते वारले. आजी आणि मावशीआजी जन्मल्या त्याच्याही आधी.

कलंक मात्र दोघींनी पाहिला. चौथीत असताना वर्गातली एक मुलगी मावशीआजीला "पळपुट्याची नात" म्हणाली. मावशीआजीने तिच्या डोक्यात पाटी घातली. पाटी फुटली. "बाईंनी माफी मागायला लावली," ती मला सांगते, "मागितली. पण नवीन पाटी घेताना जरा जड बघून घेतली."

मी तयारीला लागले. तयारी म्हणजे नवी वही, तीन रंगांची पेनं आणि लॅपटॉपवर एक फोल्डर, ज्याला मी "संशोधन" असं नाव दिलं. फोल्डर उघडून पुढचे दोन दिवस मला फार विद्वान वाटत होतं.

जुन्या दवाखान्याचं आता आरोग्य केंद्र झालंय. तिथल्या कारकुनाने मला मागच्या खोलीत नेलं. मोडकी वजनयंत्रं, एक पाय नसलेलं स्ट्रेचर, आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर साथीच्या वर्षाची नोंदवही. "वाचवलीय कशी?" मी विचारलं. "कोणी टाकलीच नाही," तो म्हणाला, "टाकायला अर्ज लागतो."

वही मोठी, जाड पुठ्ठ्याची. दर दिवशी आलेला प्रत्येक रोगी एका ओळीत: तारीख, नाव, वय, गाव, धंदा, तक्रार, अंगातला ताप, दिलेलं औषध. मी चार दिवस फोटो काढले आणि तीन आठवडे ते सगळं संगणकात भरलं. एकूण ओळी तीन हजार एकशे सव्वीस. मग कुठलाही शिकलेला माणूस करतो ते केलं: माहिती स्वच्छ केली. ज्या ओळींत एखादा रकाना कोरा होता त्या गाळल्या. अर्धवट नोंदींनी निष्कर्ष बिघडतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. उरल्या तीन हजार पासष्ट. तक्त्यांची इतकी नीटनेटकी मांडणी पाहून मी स्वतःसाठी चहा केला.

अक्षराबाबत सर्जन बरोबर होता. साथीच्या ऐन भरात अकरा दिवस वहीत अक्षर बदलतं. एरवी डॉक्टरांचं बारीक, तिरकं. त्या दिवसांत कंपाउंडरचं गोल, मोठं, ओळीबाहेर जाणारं. बाराव्या दिवशी पुन्हा डॉक्टरांचं, पण थोडं वाकडंतिकडं. त्यापुढे मी टिपून ठेवलं: "घाईत लिहिलेलं. परत आल्यावरची गडबड?"

मग तापाच्या आकड्यांकडे वळले. डॉक्टरांच्या सगळ्या आकड्यांत दशांशानंतरचा अंक सम. १००.२, १०१.४, १०२.८. एकदाही १०१.३ नाही. हे काय गौडबंगाल म्हणून मी मावशीआजीकडे गेले. लिफ्ट कायम बंद असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात, औषधांच्या खणात जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे हे मला माहीत होतं. लहानपणी तो मी दोनदा फोडण्याचा प्रयत्न केलाय.

"हात धुवून घे," ती म्हणाली. "आणि असा उजेडाकडे धरून फिरव. सरळ बघितला तर पारा दिसतच नाही. माणसासारखाच आहे तो."

दोन लांब रेघांमध्ये बारीक रेघा, दर रेघ दोन दशांशांची. म्हणून डॉक्टरांचे अंक सम. मी खात्रीसाठी वीस वेळा स्वतःचा ताप घेतला. मावशीआजी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होती. अकराव्या वेळी ती म्हणाली, "बरं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा, बाई."

कंपाउंडरच्या अकरा दिवसांत मात्र वेगळंच चित्र. १०१, १०२.५, १०३, १०१.५. सगळे पूर्ण किंवा अर्ध्या डिग्रीचे. आणि अर्ध्या डिग्रीला तर थर्मामीटरवर रेघच नाही! जिथे रेघ नाही तो आकडा वाचता येत नाही. वाचता येत नाही तो मनाने लिहिलेला. म्हणजे डॉक्टर गायब, कंपाउंडर एकटा, आणि वही खोटी. तीन पुरावे एकमेकांत असे चपखल बसले की मी घरी येऊन आरशात बघून हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

दुसऱ्या दिवशी आलेख छापून घेतला. रंगीत. मावशीआजीच्या जेवणाच्या टेबलावर तो पसरला, चष्म्याची केस आणि मिठाची बरणी कोपऱ्यांवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. निळे ठिपके डॉक्टर, लाल ठिपके कंपाउंडर. मी म्हणाले की भावना बाजूला ठेवल्या तर आकडे अगदी स्पष्ट आहेत.

"म्हणजे पळालेच," ती म्हणाली.

"आकड्यांवरून तरी..."

"तीन मिनिटं झाली."

मी घड्याळ बघितलं. एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

तिने आलेखावरून चष्म्याची केस उचलली, चष्मा आत ठेवला आणि झाकण लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती. मी आलेखाची गुंडाळी करून निघाले. जिन्यात मला वाटलं, विज्ञानात असं होतं. लोकांना सत्य जड जातं. दोन जिने उतरेपर्यंत मी स्वतःला फार मोठी समजत होते.

गुरुजींना माझा अहवाल अतिशय आवडला. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, पुस्तकाचे संपादक, मुद्रितशोधक आणि वितरक. त्यांच्या टेबलावर लाल शाईची दौत असते आणि वाचण्याआधी ते कागद नाकाजवळ नेतात, जणू चूक वासावरून कळते.

"वा! आकड्यांनी पकडलात माणूस!" ते म्हणाले. "शनिवारी छापायला जातंय. तुमचं नाव घालतो. संशोधन अमुक अमुक."

मी "कशाला, कशाला" म्हणाले आणि नावातलं ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असल्याची खात्री करून घेतली.

गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"एक शंका. तुम्ही लिहिलंय, वर्षभरात रोगी तीन हजार पासष्ट. आणि तुम्हीच पाठवलेल्या फोटोत, वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे तीन हजार एकशे सव्वीस. एकसष्टचा फरक पडतोय. हातचा राहिला का?"

"नाही गुरुजी. त्या नोंदी गाळल्या."

"गाळल्या म्हणजे?"

"अर्धवट होत्या. एखादा रकाना कोरा. त्यांनी निष्कर्ष बिघडतो."

मग ते म्हणाले, "हजेरी घेताना एकसष्ट पोरांनी नुसतं 'हजर' म्हटलं आणि आडनाव सांगितलं नाही, तर मी त्यांना वर्गाबाहेर काढायचं का? बघा बाई एकदा. मला बेरीज चुकलेलं पुस्तक काढवत नाही."

मला राग आला. एकसष्ट म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. पण त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी गाळलेल्या नोंदींची फाईल उघडली, जी मी माहिती स्वच्छ करताना केली होती आणि त्यानंतर कधी पाहिली नव्हती. तारखेप्रमाणे लावली. वर्षभर इकडेतिकडे विखुरलेल्या पन्नास. आणि मध्येच एक ढीग. अकरा नोंदी, अकरा दिवस, रोज एक.

नाव: कोरं. गाव: कोरं. वय: ४१. धंदा: नोकरी. तक्रार: ताप.

अकराही दिवस तेच. अक्षर कंपाउंडरचं. डॉक्टरांचं वय मला ठाऊक होतं. अहवालाच्या पहिल्या ओळीत मीच लिहिलं होतं, त्या वर्षी एक्केचाळीस. पण वहीत एक्केचाळीस वर्षांचे नोकरदार आणखीही असतील. मी तापाचा रकाना बघितला.

१०२.४. १०३.२. १०३.६. १०३.२. १०३.८. १०४.२.

सम. सगळे सम. त्या अकरा दिवसांत दवाखान्यात आलेल्या दोनशे चौदा रोग्यांचा ताप कंपाउंडरने पूर्ण किंवा अर्ध्यात लिहिलाय, आणि या एकाच बिननावाच्या माणसाचा बारीक रेघांपर्यंत. अक्षर कंपाउंडरचं, पण वाचणारा दुसरा. रोगी स्वतःच. तो पडल्या पडल्या थर्मामीटर उजेडाकडे धरून फिरवत असणार आणि आकडा सांगत असणार.

पुढचा, सातव्या दिवसाचा आकडा १०४.५. ज्याला रेघ नाही असा.

आठव्या दिवशी १०५.

नवव्या दिवशी १०३.४. मग १०१.८. अकराव्या दिवशी ९९.६. बाराव्या दिवशी वहीत पुन्हा बारीक तिरकं अक्षर सुरू होतं. वाकडंतिकडं. परत आल्यावरची गडबड, असं एका विदुषीने त्यापुढे लिहून ठेवलंय.

सर्जन आला होता आठव्या दिवशी.

मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कंपाउंडरने आकडे मनाने लिहिलेच नव्हते. त्याला बारीक रेघा दिसत नसाव्यात. दोन लांब रेघांच्या मधोमध पारा दिसला की अर्धा. इतकं साधं. हे माझ्या डोक्यात न येण्याचं कारण एवढंच की माझी नजर चांगली आहे. आणि ज्या माणसाला शोधायला मला पाठवलं होतं, तो मला माहिती स्वच्छ करतानाच सापडला होता. मी त्याला गाव नाही म्हणून फेकून दिलं आणि चहा केला.

शुक्रवारी मी गुरुजींकडे गेले. पान बदला, असं म्हणाले.

"परवा पळाले होते, आज आजारी पडले," गुरुजी म्हणाले. "उद्या काय होईल?"

मी सगळं मांडलं. त्यांनी फोटो नाकाजवळ नेले.

"नाव नाही. गाव नाही. दडवलंय म्हणा की सरळ. का दडवावं? आजारी पडणं हा काही गुन्हा नव्हे."

"गुरुजी, तुमच्याच मजकुरात तेव्हाचा नियम दिलाय. डॉक्टर आजारी पडला तर दवाखाना बंद. कंपाउंडरने एकट्याने औषध द्यायचं नाही. रोगी अठरा मैलांवर जिल्ह्याला पाठवायचे. साथीत, अंगात ताप घेऊन, अठरा मैल. आणि सर्जनला उत्तर दिलं असतं, तर अकरा दिवस औषध कंपाउंडरने दिलं हेही सांगावं लागलं असतं. त्याची नोकरी गेली असती." मग मला सवयीने सांगावंसं वाटलं, "हा माझा अंदाज आहे. पुरावा फक्त तापाचा आहे."

"मग नोंद तरी कशाला केली? लपायचं तर पूर्ण लपावं."

"रोगी होता. औषध घेतलं. नोंद हवी."

गुरुजींनी एक फोटो पुन्हा नाकाजवळ नेला. मला वाटलं पटलं नाही. मग ते म्हणाले, "हे मात्र खरं वाटतं. मीही केली असती." आणि त्यांनी लाल शाईत पेन बुडवून माझ्या संपूर्ण पानावर, माझ्या नावासकट, एक तिरकी रेघ मारली. "नवीन लिहा. दुपारपर्यंत. आणि चूक कोणाची हेही लिहा, कारण जुना मजकूर मी चार जणांना वाचून दाखवलाय."

मी लिहिलं. शेवटी एक टीप टाकली: "या लेखाच्या आधीच्या मसुद्यात एकसष्ट रोगी गाळले गेले होते. त्यांत डॉक्टर स्वतः होते. चूक लेखिकेची." गुरुजींनी तिच्यातही एक अनुस्वार दुरुस्त केला.

तिथून मी मावशीआजीकडे गेले. या वेळी आलेख नव्हता. एका चिठ्ठीवर अकरा आकडे होते. तिने दार उघडलं, मला बघितलं आणि दारातच म्हणाली, "आता काय आणखी? कंपाउंडरलाही मारलं का त्यांनी?"

"मावशीआजी, मी चुकले."

"बैस. चपला बाहेर."

मी सांगितलं. वाईट सांगितलं, मागचंपुढचं करून, मध्येच माहिती स्वच्छ करण्याबद्दल बोलत. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती, एक हात कानाशी, जिथे एक्स्चेंजमध्ये हेडफोन असायचा. माझं संपल्यावर तिने खणातून थर्मामीटर काढला, केसमधून बाहेर घेतला आणि खिडकीकडे धरून फिरवू लागली. पारा कुठेतरी पस्तीस वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी तापावर असल्यासारखं ती बघत होती.

"वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि कोणी बघितला ते सांग."

"एकशे दोन पूर्णांक चार. त्यांनी स्वतः."

"पुढे."

"एकशे तीन पूर्णांक दोन. स्वतः." सहाव्यापर्यंत तसंच गेलं. "सातवा, एकशे चार पूर्णांक पाच. कंपाउंडरने."

"का?"

"त्यांना धरवला नसावा."

तिने थर्मामीटर खाली केला. "आठवा?"

"एकशे पाच. तो कोणी वाचला ते सांगता येत नाही. त्या दिवशी सर्जन पुढच्या खोलीत होता."

"आणि हे मागच्या."

"असावेत. हे मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणायला शिकलीस हे बरं झालं," ती म्हणाली. "नववा?"

"एकशे तीन पूर्णांक चार. स्वतः."

मावशीआजीने डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. पदराने, दोन्ही बाजूंनी, नीट. मग पुन्हा घातला आणि थर्मामीटर परत उजेडाकडे धरला.

"त्या मुलीला फोन करायला हवा," ती म्हणाली. "पाटीवाल्या. आहे अजून ती. मुलाकडे असते. ऐकू येत नाही तिला, पण मी मोठ्याने बोलेन."

भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. मला येऊन चाळीस मिनिटं झाली होती. अपराधी वाटून मी उठायला लागले.

"मावशीआजी, तीन मिनिटं केव्हाच झाली."

"लाइन चालू ठेव," ती म्हणाली. "दहावा?"